सिद्र्याच्या बंबाचा एकपानी इतिहास

जगात अशी गोष्ट नाही जी एका पानात मावत नाही, असं मी एक्केचाळीस वर्षं मुलांना सांगत आलो. 'माझी शाळा', 'माझा आवडता प्राणी', 'मी पाहिलेली जत्रा', सगळं एका पानात, समास सोडून. त्यामुळे सिद्रा गावच्या आग विझवणाऱ्या पथकाचा इतिहास एका पानात लिहून हवा आहे, असं गावातले टँकरमालक खल्फान म्हणाले तेव्हा मी घड्याळाकडे बघून म्हटलं, "संध्याकाळी चहाला या. तयार असेल."

हे झालं एका रविवारी. पान तयार झालं ते पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. मधल्या दिवसांत जे घडलं त्याला माझी पत्नी किशोरी 'तुमचं ते प्रकरण' म्हणते आणि पाहुण्यांना पहिल्या घोटाबरोबरच सांगायला घेते. तेव्हा निदान एकदा ते माझ्या तोंडून जावं, म्हणून हा खटाटोप.

सिद्रा हे ओमानमधलं गाव, इब्र्यापासून गाडीने पस्तीस मिनिटं. साठेक घरं, खजुरांच्या बागा, आणि बागांमधून फिरणारा पाटाचा ओहोळ, त्याला इथे फलज म्हणतात. आमचा रुचिर इथल्या एका शेती कंपनीत पंपांचा इंजिनिअर आहे, म्हणून आम्ही दोघं सहा वर्षांपूर्वी, दोन हजार अकरात, इकडे आलो. मी निवृत्त शिक्षक. निवृत्त शिक्षकाला मुलं दिसली की हात शिवशिवतात. त्यामुळे संध्याकाळी आमच्या ओसरीवर गावातली अकरा मुलं गणिताला बसतात: चार ओमानी, तीन मल्याळी, दोन बंगाली, एक आमची नात अंतरा आणि एक तिचा वर्गमित्र साई. अंतराचं मराठी असं आहे की "आजोबा, मी पाणी पडली" म्हणाली तर आधी तिला बघावं लागतं, मग पाण्याला.

तर पथक. इथे आग लागली आणि सरकारी बंब इब्र्याहून निघाला, तर तो येईपर्यंत विझवायला काही उरत नाही. त्यात बंबवाल्यांचा दोष नाही, पस्तीस मिनिटं ती पस्तीस मिनिटं. म्हणून गावाने आपलं पथक केलं. पथक म्हणजे खल्फान यांचा निळा टँकर, जो एरवी घरोघर गोडं पाणी पोचवतो, तीस बादल्या, आणि हॉर्न ऐकून हातातलं काम टाकून धावणारा जो कोणी असेल तो. टँकर चालवतो उत्तम. देवगडकडचा, चाळिशीचा, अबोल. मोठ्या गाडीचं लायसन्स असलेला गावातला एकुलता एक माणूस. गल्ली इतकी अरुंद की टँकरच्या दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत चार-चार बोटं उरतात, आणि उत्तम तो उलटा आत घालतो.

मी पथकाचा मानद सभासद. अकरा सालच्या पहिल्या आगीत बादल्यांच्या रांगेचा नुसता गोंधळ झाला होता, तिला मी शिस्त लावली. "एक, दोन, एक, दोन" असा ताल दिला. आजही सिद्र्यात आग लागली की अरब, मल्याळी, बंगाली सगळे मराठीत आकडे म्हणत बादल्या पुढे देतात. हे मी मुद्दाम कोणाला सांगत नाही. विषय निघाला तर सांगतो. विषय निघतो.

आता इब्र्याच्या अग्निशमन कचेरीने ठरवलं की खेड्यापाड्यांतल्या अशा पथकांची नोंदणी व्हायला हवी. एक तरुण साहेब येऊन खल्फानना फॉर्म देऊन गेले. नोंद झाली तर पथक चालू. नाही झाली तर टँकरने प्यायचं पाणी वाहावं, आणि आग लागली तर बाजूला उभं राहावं. फॉर्मसोबत एका पानाचा इतिहास जोडायचा होता: पथक कसं सुरू झालं, पहिली आग व तिचं कारण, गावाचा पाठिंबा, चालकाचं नाव.

खल्फान सैन्यातून निवृत्त झालेले. जवानीत मुंबईला वर्षभर होते, त्यामुळे हिंदी बोलतात. "उस्ताद, तुम लिखो," ते म्हणाले. "हम लिखेगा तो कोई पढ़ेगा नहीं. तुम पढ़ा हुआ आदमी है."

किशोरी आतून म्हणाली, "एका पानाला हो म्हणताय, पण कोणाला काही विचारत बसू नका. जे माहीत आहे ते लिहा आणि द्या."

"इतिहासाला पुरावा लागतो," मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणते."

तेव्हा मला तिच्या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिला पुरावा म्हणून मी हुसैनमियाँकडे गेलो. हुसैनमियाँ मालेगावचे, गावातले एकमेव शिंपी. मी वही उघडायच्या आत ते म्हणाले, "मास्टरसाब, लिखो. पहिली बादली आपली. कपडा भिगोने की. हरी बादली, कान टूटा हुआ." आणि मग लिहिताना नुसतं 'हुसैन' लिहू नका, 'हुसैन टेलरिंग, लेडीज-जेंट्स, मशिदीच्या मागे' असं पूर्ण लिहा, अशी विनंती केली. मी म्हटलं, हा इतिहास आहे. ते म्हणाले, इतिहासाला पत्ता नको का?

आगीचं कारण विचारलं तेव्हा मात्र त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. मी आलो तेव्हा नव्हत्या.

दुसरा पुरावा खतिजाबाई. पहिली आग त्यांच्याच बागेत लागली आणि त्यांची अकरा झाडं जळाली होती. वय सत्तरीच्या पुढे, पण आग कुठलीही असो, विझेपर्यंत त्या कॉफी आणि खजूर घेऊन हजर. पाठिंबा पाठिंबा म्हणतात तो हाच. त्यांनी मला चटईवर बसवलं आणि कॉफी ओतली. दुभाषी म्हणून त्यांची नात सफिया, आमच्याच ओसरीवरची, सात वर्षांची. मी विचारलं, "आग कशाने लागली?" खतिजाबाईंनी आणखी कॉफी ओतली. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा ओतली. इथली रीत अशी की पुरे झालं तर रिकामा पेला हातात जरा हलवायचा, नाहीतर यजमान ओततच राहतात. सहा वर्षं झाली तरी ऐन वेळी मला हे आठवत नाही. मी नऊ पेले प्यालो. नवव्या पेल्याला त्या म्हणाल्या आणि सफियाने सांगितलं, "दादी बोलती है, आग अल्ला की तरफ से."

रात्रभर छातीत धडधडत होतं. किशोरी म्हणाली, "इतिहास वर आला असेल."

खल्फान यांचं म्हणणं आणखी वेगळं. पथक अकरा सालचं नाहीच. त्यांच्या आजोबांच्या काळी रस्ता नव्हता तेव्हा माणसं बकरीच्या कातड्याच्या पखालींतून फलजचं पाणी वाहायची, तेच पथक. मग मी पहिली बादली कोणाची हे लिहू, की पहिली पखाल? त्यांनी शांतपणे सांगितलं, "दोनों लिखो. पेज बड़ा लो."

बुधवारपर्यंत माझ्याकडे पहिल्या बादलीचे सात मालक जमले. आणि आगीचं कारण विचारलं की प्रत्येकाला काहीतरी काम आठवायचं. एकाला बकरी, एकाला नमाज, मल्याळी दुकानदाराला तर आपला भाऊ आठवला, जो कोचीला असतो.

शिक्षकाकडे अशा वेळी एकच उपाय असतो: प्रात्यक्षिक. मी जाहीर केलं की शुक्रवारी दुपारी, नमाज झाल्यावर, पहिल्या आगीत जो जिथे उभा होता त्याने तिथे येऊन उभं राहायचं. बादलीसकट. म्हणजे रांग आपोआप ठरेल. मी गल्लीत खडूने एकोणीस गोल काढून ठेवले, कारण त्या दिवशी आम्ही एकोणीस जण होतो.

शुक्रवारी त्रेपन्न आले. त्यांतले निदान दहा जण अकरा साली या देशात नव्हते. पहिल्या गोलात चौघे उभे राहिले, हुसैनमियाँ धरून, आणि कोणी हलेना. रांग गल्लीतून बाहेर पडून मशिदीला वळसा घालून खतिजाबाईंच्या बागेत शिरली. कोणीतरी सवयीने "एक, दोन" सुरू केलं. मग हात थांबेनात. भरलेल्या बादल्या निघाल्या, आणि शेवटच्या माणसाकडे आग नसल्याने त्याने सगळं पाणी जिथे ओतलं तिथे आमच्या रुचिरची गाडी होती. काच उघडी होती.

हमरस्त्यावरून जाणाऱ्या कोणा सज्जनाने एवढी माणसं बादल्या घेऊन उभी पाहिली आणि इब्र्याला फोन केला. पस्तीस मिनिटांनी दोन लाल बंब आले. खरे. चाळीस मिनिटं लागली असती तर लोक पांगले असते. पण ते वेळेवर आले.

बंबातून तेच तरुण साहेब उतरले. त्यांनी रांग बघितली, खडूचे गोल बघितले, मला बघितलं. "आग कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"आग सहा वर्षांपूर्वीची आहे," मी म्हटलं.

खतिजाबाईंनी साहेबांना कॉफी दिली. त्यांनी दुसऱ्याच पेल्याला पेला हलवला. जाताना म्हणाले, गुरुवारपर्यंत पान हवं. एकच पान.

रविवारी मी ते लिहून कचेरीत नेऊन दिलं. खल्फान बरोबर होते. बादलीच्या जागी 'ग्रामस्थांच्या बादल्या' लिहिलं आणि सात जणांना नाराज केलं. कारणाच्या जागी मात्र मोघम लिहायला माझं मन घेईना. मला कारण माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, असं मला वाटत होतं. त्या संध्याकाळी उत्तम खतिजाबाईंच्या पंपाजवळ बिडी ओढत बसला होता, गावाहून आणलेली. मी स्वतः पाहिलं होतं. आग विझल्यावर मीच सर्वांसमोर म्हटलं होतं, "अहो, ही याची बिडी असणार." उत्तम खाली मान घालून उभा राहिला आणि एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून त्याने बिडी सोडली, आणि कुठेही धूर दिसला की टँकर घेऊन सगळ्यांच्या आधी तो. चूक कबूल करून सुधारलेला माणूस, असं मी मुलांना त्याचं उदाहरण देत असे. नाव न घेता. टँकर म्हणत असे.

मी लिहिलं: 'कारण: टँकरचालकाची बिडी.' मी वाचून दाखवलं तेव्हा खल्फान खिडकीबाहेर बघत होते. "उस्ताद, लिखो, अल्ला को मालूम," ते म्हणाले.

"इतिहासात असं चालत नाही," मी म्हटलं.

साहेबांनी पान वाचलं, बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. कारणात टँकरचालक. चालकाच्या रकान्यात उत्तम. "हा तोच?"

"तोच. पण आता सुधारला आहे."

साहेबांनी नियम काढून दाखवला. ज्याच्या नावावर आग आहे त्याला पथकाचा चालक म्हणून मान्यता नाही. दुसरा चालक द्या. दुसरा चालक सिद्र्यात नव्हता. म्हणजे गुरुवारनंतर टँकर बाजूला उभा राहणार. मी इतिहास लिहायला गेलो होतो, आणि पथक इतिहासजमा करून बाहेर आलो.

बाहेर टँकरपाशी उत्तम उभा होता. मी त्याला सांगितलं. त्याने टायरला पायाने हलकंच ठोकलं.

"जाऊ द्या गुरुजी."

"अरे, जाऊ द्या काय? तू काही बोल. दुसरं कोणी तिथे होतं का? वायर होती का एखादी?"

"माका काय ठाऊक नाय." मग जरा वेळाने, "ह्या टँकरार माझी बारा वर्सा गेली. मी पानी नेतंय, ता काय बंद नाय होणा. पन आग लागली तर मी बाजूक उभो ऱ्हवतलंय कसो?"

घरी आलो तर किशोरीने पाणी दिलं आणि विचारलं, "दिलंत लिहून बिडी?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "बरं," आणि भाजी चिरायला बसली. आमच्या संसारात 'बरं' हा शब्द फार वाईट आहे.

उत्तमला वाचवायचं तर दुसरं कारण हवं, आणि तेही पुराव्यासकट. मोठी माणसं बोलत नव्हती. सोमवारी ओसरीवर मी गणित बाजूला ठेवलं आणि मुलांना गृहपाठ दिला: 'आमच्या गावची पहिली आग. घरी विचारा आणि जे ऐकाल तेच लिहा. एक पान.' कोणत्याही भाषेत. लिहिता येत नसेल त्याने चित्र काढावं.

साईने विचारलं, "सर, ट्रू लिहायचं की गुड लिहायचं?"

"ट्रू," मी म्हटलं. "नेहमी ट्रू."

मंगळवारी अकरा वह्या आल्या. मी चष्मा पुसून बसलो. पहिली वही उघडली. आग लागली, लोक धावले, बादल्या आल्या. कारणाच्या जागी एक ओळ खोडरबराने खोडलेली. दुसऱ्या वहीतही खोडलेली. तिसरीत इतकी खोडलेली की कागद फाटला होता. मी म्हटलं, हे काय? अंतरा आपल्या बुटांच्या लेसकडे बघत होती.

आता, खोडलेलं वाचणं ही माझी विद्या आहे. एक्केचाळीस वर्षांत मुलांनी जेवढं खोडलं तेवढं मी वाचलं आहे. वही दिव्यासमोर तिरकी धरायची, की पेन्सिलीचा दाब दिसतो. मी पहिली वही धरली. इंग्रजीत होतं. एक शब्द लागला: 'उस्ताद'. मला वाटलं, माझा ताल देण्याचा उल्लेख असावा, आणि आईबापांनी तो का खोडावा याचं जरा वाईटही वाटलं. दुसरी वही धरली: 'उस्ताद'. तिसरी फाटली होती. चौथी अरबीत, पण तेवढं मला वाचता येतं: उस्ताद.

मग सफियाची वही आली. तिने चित्र काढलं होतं, आणि तेलखडू खोडरबराने जात नाही. कोणीतरी प्रयत्न केला होता, त्याने नुसता जांभळा रंग पसरला होता. चित्रात भिंत होती, भिंतीपलीकडे खजुराची झाडं, ज्वाळा. भिंतीअलीकडे चष्मा लावलेला एक माणूस, आणि त्याच्या हातात झाडापेक्षा मोठं काहीतरी जांभळं.

"छान रंगवलंय," मी म्हटलं. "हा मासा का?"

"नहीं," सफिया म्हणाली. "बैंगन."

"आणि हा कोण?"

तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "दादी बोली, नहीं बोलने का."

मी वही मिटली. सहा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ. आम्हाला येऊन पंधरा दिवस झाले होते. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताला चव नसते, हे मी किशोरीला समजावलं होतं. धूर हवा, तोही लाकडाचा. मागच्या भिंतीपाशी खजुराच्या वाळक्या झावळ्या रचलेल्या होत्या. मी त्यांतल्या चार पेटवून वर वांगं धरलं. झकास भाजलं. मग निखाऱ्यांवर फुलपात्रभर पाणी शिंपडलं आणि वांगं घेऊन आत गेलो. वारा होता. अर्ध्या तासाने आरडाओरडा झाला, मी बादली घेऊन धावलो, आणि रांगेला शिस्त लावली.

मी आत जाऊन किशोरीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मी ते भरीत खाल्लं ना," ती म्हणाली. "छान झालं होतं."

"आणि गावाला?"

"भिंतीपासून खतिजाबाईंच्या बागेपर्यंत जळलेला पट्टा होता. तुम्ही रांगेत आकडे म्हणत होतात, खाली कशाला बघाल?" मग तिने सांगितलं की दुसऱ्याच दिवशी खतिजाबाई घरोघर जाऊन आल्या होत्या. म्हातारा नवीन आहे, पाहुणा आहे, सगळ्यांच्या आधी बादली घेऊन धावला, त्याला कळलं तर लाजेने मरेल. कोणी काही बोलायचं नाही. आणि गाव बोललं नाही. "फक्त बुधवारच्या बाजारात बोलतात," किशोरी म्हणाली.

इब्र्यात दर बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषांना आत मज्जाव. म्हणजे त्या प्रांतातल्या तमाम बायकांना माझं वांगं सहा वर्षं ठाऊक होतं. मी रस्त्याने जाताना बायका इतक्या आदराने बाजूला का होतात हे मला तेव्हा कळलं.

"आणि उत्तम? त्याच्यावर मी आळ घेतला तेव्हा कोणी का नाही बोललं?"

"तोच म्हणाला म्हणे, असू दे माझ्या नावावर."

रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, खल्फान यांच्या बैठकीत सगळ्यांना बोलावलं. उत्तम दाराशी उभा होता, खतिजाबाई दाराबाहेर खुर्चीवर. मी भाषण तयार केलं होतं. सत्य, जबाबदारी, शिक्षकाचं कर्तव्य असे तीन मुद्दे होते. पण उभा राहिलो आणि तोंडातून एवढंच निघालं, "ती आग माझ्या वांग्याने लागली. उत्तमच्या बिडीने नाही. उद्या मी तसं लिहून देणार आहे."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मला वाटलं, लोक हेलावले.

मग हुसैनमियाँ म्हणाले, "मास्टरसाब, अब बोल सकते हैं?"

"बोला."

"पक्का?"

खल्फाननी डोळे मिटून हात वर केला, जणू सैन्याला गोळीबाराची परवानगी दिली. आणि सहा वर्षांची थकबाकी एकदम माझ्या अंगावर आली. हुसैनमियाँनी सांगितलं की त्यांच्या दुकानात सहा वर्षं वांगी रंगाच्या कापडाला 'मास्टर कलर' म्हणतात. मल्याळी दुकानदार म्हणाला, मी वांगी घ्यायला आलो की तो आधी बादली भरून ठेवतो. खल्फाननी तर, आपल्या आजोबांच्या पखालींनी शंभर वर्षांत जेवढं विझवलं नाही तेवढं आपण एका भाजीपायी विझवलं, असं सांगून डोळे पुसले. दाराबाहेरून खतिजाबाई काहीतरी म्हणाल्या. बायका-पुरुष सगळे लोळले. सफियाने भाषांतर केलं, "दादी बोलती है, गाँव का सपोर्ट लिखो तो लिखना, लकड़ी खतिजा ने दी."

मी हसलो. जरा उशिरा, पण हसलो. हे लोक सहा वर्षं माझ्यासमोर इतक्या गंभीर चेहऱ्याने कसे वागले, याचंच मला नवल वाटत होतं. मला तर वर्गात एक मिनिट जमलं नसतं.

फक्त उत्तम हसला नाही. तो दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने काढत होता. बिचारा संकोचला असेल, असं मला वाटलं.

गुरुवारी सकाळी मी आणि उत्तम टँकरनेच कचेरीत गेलो. साहेबांनी नवं पान वाचलं. कारणाच्या ओळीवर थांबले.

"बदिंजान?" त्यांनी विचारलं. म्हणजे वांगं.

"बदिंजान," मी म्हटलं.

त्यांनी टायपिस्टला हाक मारली, टायपिस्टने शेजारच्या टेबलाला, आणि माझ्या वांग्याचं अधिकृत अरबीत तीन प्रतींत रूपांतर झालं. जिची झाडं जळाली तिची तक्रार आहे का, असा प्रश्न आला. खतिजाबाईंनी अंगठा उठवून दिलेला कागद मी पुढे केला: तक्रार नाही. साहेबांनी माझ्या तीन सह्या घेतल्या, प्रत्येक सहीच्या वेळी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि शेवटी विचारलं, "आता कशावर भाजता?"

"गॅसवर."

"चव?"

"नसते," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी मान हलवली, शिक्का मारला. एक, दोन, तीन. चालकाच्या रकान्यात उत्तमचं नाव कायम झालं. त्याला एक ओळखपत्र मिळालं, फोटोसकट. त्याने ते खिशात ठेवलं, मग काढलं, मग पुन्हा ठेवलं.

परत येताना मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मांडीवर शिक्क्याचं पान. इज्जत गेली होती, पण माणूस राहिला होता, आणि टँकर राहिला होता. मला हलकं वाटत होतं. मी त्याला म्हटलंसुद्धा, "उत्तम, सत्याचं एक बरं असतं. एकदा लिहिलं की डोक्याला ताप नाही."

दोन्ही बाजूंनी उघडे डोंगर, सरळ रस्ता, पुढेमागे कोणी नाही.

"गुरुजी, एक सांगू काय? रागवू नकात."

"सांग ना."

"त्या दिसाक मी बिडी वडी होतंय ना. खल्फान अर्बाबान, मालकान, हाक मारल्यान. मी पेटतीच टाकलंय थंय, पंपाकडे, आणि गेलंय. विझवूक नाय." त्याने गिअर बदलला. "सगळे म्हणतत तुमचा वांगा. म्हणतत तर म्हणतत. पन तुमच्या वांग्यान पेटला काय माझ्या बिडयेन, ता माका अजून कळाक नाय. म्हणान तर मी तेव्हा गप ऱ्हवलंय."

मी मनातल्या मनात त्या संध्याकाळचा नकाशा काढला. वारा सारखा दिशा बदलत होता. पंप आमच्या भिंतीपेक्षा बागेला वीस पावलं जवळ. आणि आग भिंतीकडून बागेकडे गेली की बागेकडून भिंतीकडे आली, हे जळलेल्या पट्ट्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. इब्रा मागे अजून दहाच मिनिटांवर होतं. कचेरी दोनपर्यंत उघडी असते.

उत्तम माझ्याकडे बघत होता. वर्गात चुकीचं उत्तर दिलेला मुलगा बघतो तसा.

"उत्तम," मी म्हटलं, "पुढे बघून चालव. बकऱ्या आहेत."

रस्त्यावर बकऱ्या नव्हत्या. पण उत्तमने पुढे बघितलं, आणि जरा वेग कमी केला.